अटकेपार गेल्यानंतरचा डाव

रात्रीचे दोन वाजून गेले होते. ‘सिव्हिलायझेशन ६’ या संगणकावरच्या खेळात माझं राज्य सोळा शहरांचं झालं होतं, दोन शेजारी नकाशावरून पुसले गेले होते आणि उरलेल्यांपैकी माझ्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती. विज्ञानाच्या मार्गाने जिंकायचं तर शेवटी दूरच्या एका ग्रहाकडे यान सोडावं लागतं. ते मी सोडलं होतं. पन्नास प्रकाशवर्षं कापून ते पोचलं की डाव माझा. यानाचा मूळ वेग टर्नला, म्हणजे एका पाळीला, एक प्रकाशवर्ष. लेझर केंद्रं उभारली तर वाढतो. मी नेक्स्ट टर्न दाबत होतो. दाबलं की चार शहरं विचारायची, आता काय बांधू? एकात बाजार, दुसऱ्यात प्राणिसंग्रहालय, तिसऱ्यात यादीत सगळ्यात वर असेल ते. एखादा व्यापारी परत आलेला असायचा, त्याला पुन्हा मार्गाला लावायचं. एखादा हेर मोकळा बसलेला असायचा. निम्मं अंतरही उरलं नव्हतं, तेव्हा मी डाव सेव्ह केला आणि संगणक बंद केला. तो डाव पुन्हा उघडला नाही.

त्याच डावाची पहिली संध्याकाळ मात्र अजून लख्ख आठवते. पहिलं शहर नदीकाठी वसवायचं की नकाशावरची दोन घरं पलीकडच्या टेकडीवर, यावर मी दहा मिनिटं घालवली होती. एकुलता एक शिपाई धुक्यात पाठवताना हात थबकला होता. तो मेला असता तर मागे राजधानी उघडी पडली असती. पहिल्या शंभर टर्नांतला जवळजवळ प्रत्येक निर्णय असा अंगावर येतो. शेवटच्या शंभरात तसा एकही येत नाही, आणि हाताला काम मात्र दहापट असतं.

हा अनुभव एकट्या माझा नाही. ‘सिव्हिलायझेशन ७’ आणताना तो बनवणाऱ्या फिरॅक्सिस कंपनीच्या मंडळींनीच सांगितलं होतं की बरेच खेळाडू डाव शेवटापर्यंत नेत नाहीत. पहिलं सिव्हिलायझेशन १९९१ मध्ये आलं. म्हणजे तीस-पस्तीस वर्षं हा प्रकार शेवटाशी अडलेला आहे. सुरुवात अप्रतिम, मधला भाग झकास आणि शेवट म्हणजे सरकारी कचेरीतली टेबलं.

यावर नेहमीचं उत्तर असं की संगणकाचा खेळाडू मठ्ठ आहे, त्याला हुशार करा किंवा खेळ अवघड करा. मी ते करून पाहिलं. सिव्हिलायझेशन ६ मध्ये ‘डीटी’ ही सगळ्यात वरची पातळी. तिथे संगणकाचं प्रत्येक राज्य नवं शहर वसवणारे तीन वसाहतकरी घेऊन सुरू होतं, तुमच्याकडे एकच असतो. तुम्ही शंभर टर्न जीव मुठीत धरून खेळता, एखादा शेजारी गिळता आणि बरोबरीला येता. आणि एकदा पुढे गेलात की पुन्हा तेच यान, तीच यादी, तेच नेक्स्ट टर्न. अवघडपणाचं सगळं वजन सुरुवातीच्या पारड्यात पडलेलं असतं, शेवटाला ते शिवतही नाही. शर्यतीत दुसऱ्याला शंभर मीटर पुढे उभं केलं म्हणून शेवटचा टप्पा चुरशीचा होईलच असं नाही. तुम्ही त्याला गाठलंत की पुढचा रस्ता मोकळाच.

माझं म्हणणं वेगळं आहे. शेवट रंगतो तो तिथे वस्तूंचे भाव बदलतात म्हणून. ज्या खेळात शेवटी सगळं सुरुवातीसारखंच असतं, फक्त आकडे मोठे असतात, तो खेळ मध्यावरच संपलेला असतो.

बुद्धिबळाकडे पाहा. डावाच्या सुरुवातीला राजाला किल्लेकोट करून कोपऱ्यात दडवायचं, हे आपण मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. मोहरी कमी झाली की तोच राजा बाहेर येतो, पटाच्या मध्यात येऊन लढतो, प्याद्यांना वाट करून देतो. जे प्यादं सुरुवातीला सहज देऊन टाकलं असतं, ते शेवटच्या घरापासून दोन पावलांवर असताना हत्तीपेक्षाही मोलाचं ठरू शकतं. नियम एकही बदललेला नाही, पटावरच्या प्रत्येक गोष्टीची किंमत मात्र बदलली आहे. म्हणून बुद्धिबळात शेवट हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा निकाल जलद डावांवर गेला होता. दुसऱ्या जलद डावात पटावर थोडीच मोहरी उरली होती आणि आपण सगळे श्वास रोखून बसलो होतो. थोड्या मोहऱ्यांचा डाव कंटाळवाणा असतो, असं त्या दिवशी कुणी म्हणालं असतं का?

संगणकावरच्या खेळांतही हे जमलेलं आहे, आणि ते आपल्यातल्या अनेकांनी हॉस्टेलच्या लॅनवर अनुभवलं आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा १९९९ चा खेळ. एकास एक खेळताना तासाभरानंतर नकाशावरच्या सोन्याच्या खाणी संपतात. पॅलाडिनला, म्हणजे सगळ्यात जड घोडेस्वाराला, साठ अन्न आणि पंचाहत्तर सोनं लागतं; सोनं नाही, तर पॅलाडिन नाही. मग उरते ती सोनं न लागणारी फौज: भालाईत, भाला फेकणारे स्कर्मिशर आणि नुसत्या अन्नावर तयार होणारे हलके घोडेस्वार, हुसार. खेळाडू याला ट्रॅश वॉर म्हणतात, कचऱ्याची लढाई. नाव काहीही असो, या टप्प्याइतकी डोक्याला ताण देणारी लढाई त्या खेळात दुसरी नाही. मठात ठेवलेले अवशेष थेंबथेंब सोनं देतात, म्हणून मघापर्यंत कुणी ढुंकून न पाहिलेल्या मठाभोवती आता रक्त सांडतं. बाजारात लाकूड विकून सोनं घ्यायचं तर प्रत्येक विक्रीला भाव पडतो. मागे राखून ठेवलेले वीस पॅलाडिन हा आता खजिना झालेला असतो, आणि तो कधी खर्चायचा हा अख्ख्या डावाचा प्रश्न होतो. चौदाव्या मिनिटाला घाईने वापरलेलं सोनं सत्तराव्या मिनिटाला आठवतं.

याच खेळात आणखी एक छोटी गोष्ट आहे, तिचं मला अजून कौतुक वाटतं. हॉस्टेलवर एकदा माझ्या मित्राचं सगळं राज्य जळून गेलं होतं, पण तो डाव सोडेना. त्याचा एक व्हिलेजर, म्हणजे साधा कामकरी, नकाशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या झाडीत उभा होता. मी वीस मिनिटं घोडेस्वार पाठवून जंगलं धुंडाळली. शेवटी शेजारच्या खोलीतल्या सीनियरने येऊन कॅसलवर बोट ठेवलं: ‘स्पाइज घे की.’ हे संशोधन केलं की शत्रूची सगळी माणसं दिसतात, आणि त्याची किंमत शत्रूच्या प्रत्येक व्हिलेजरमागे दोनशे सोनं. शत्रू धडधाकट असताना ते परवडणारच नाही. एकच व्हिलेजर उरला असेल, तर दोनशे सोन्यात काम होतं. डाव खरोखर संपला असेल तेव्हा आवराआवर स्वस्त करून द्यायची, हे खेळ बनवणाऱ्यांनी १९९९ मध्ये ओळखलं होतं.

मोठ्या साम्राज्यांच्या खेळांनी हा धडा घेतला नाही. १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’ या खेळाबद्दल लिहिताना समीक्षक ॲलन एम्रिच यांनी या प्रकाराला ‘फोर एक्स’ हे नाव दिलं. चार क्रियापदं: शोधा, पसरा, उपसा, संपवा. तीस वर्षं हा सगळा प्रकार याच चार शब्दांवर उभा आहे. त्यांत ‘सांभाळा’ हा शब्द नाही, आणि माझ्या मते दुखणं तिथेच आहे. या खेळांत दहा शहरांचं राज्य पाच शहरांच्या राज्यापेक्षा सगळ्याच बाबतींत दुप्पट चांगलं असतं. मोठेपणातून आणखी मोठेपणा येतो, त्याला खेळाडू स्नोबॉल म्हणतात. उतारावरून सुटलेल्या गोळ्याला अडवायला कुणी नसेल, तर तो तळाशी कधी पोचतो हे बघत बसण्यापलीकडे काय उरणार?

काहींनी वाटेत भिंत बांधून पाहिली. ‘स्टेलारिस’मध्ये (२०१६) साधारण दोनशे वर्षांनी आकाशगंगेच्या बाहेरून किंवा दुसऱ्या मितीतून एक महासंकट येतं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी खुर्चीत ताठ झालो होतो. तिसऱ्यांदा मी कॅलेंडर बघून आरमार तयार ठेवलं होतं. बाहेरून येणारा राक्षस हा शेवटी एक मोठा आकडा असतो. आपला आकडा त्याहून मोठा झाला की संपलं. ‘शोगुन २’मध्ये (२०११) याहून जास्त विचार आहे. तुमची कीर्ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की शोगुन, म्हणजे जपानचा सर्वोच्च सेनापती, तुम्हाला शत्रू ठरवतो आणि हळूहळू सगळी घराणी उलटतात. म्हणून अनुभवी खेळाडू त्या रेषेच्या दोन प्रांत अलीकडे थांबतात, कोठारं भरतात, फौजा उभ्या करतात आणि मगच पाऊल टाकतात. ते थांबणं हा त्या खेळातला सगळ्यात जिवंत काळ आहे. पण वीस वर्षं मीठभाकरी एकत्र खाल्लेला मित्रही त्याच यादीत उलटतो, आणि तिथे माझा खेळावरचा विश्वास उडतो. त्या मैत्रीसाठी मी काहीतरी सोडलेलं असतं. तिला शेवटी काहीच मोल नसेल, तर पुढच्या डावात मी मैत्री का करू?

संकट बाहेरून आणायची गरजच नाही, कारण मोठ्या राज्याच्या पोटात ते आधीपासून असतं. हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. आजही आपण एखाद्याचं यश सांगताना अटकेपार झेंडे लावले असंच म्हणतो. तिथून पानिपत, १४ जानेवारी १७६१, तीन वर्षांच्या आत. या तीन वर्षांत मराठ्यांचा नकाशा कुठल्याही खेळात ‘विजय जवळ आला’ असाच दिसला असता. आणि अडचण होती ती नेमकी त्या नकाशातच. पुण्यापासून पंजाबपर्यंतचं अंतर. सरदारांचे आपापले हिशेब. उत्तरेतली मोहीम तिजोरी भरण्याऐवजी कर्ज घेऊन परत येते, ही दशा. पानिपतावर लढणाऱ्यांबरोबर बिनलढाऊ माणसांचा लोंढा होता. अब्दालीने वाटा अडवल्या, रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि छावणीत अन्न संपलं. तलवारीच्या आधी पोटाने निकाल दिला.

आता हीच गोष्ट खेळात पाहा. ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये (२००९) मराठे हे खेळता येणारं राज्य आहे. आपलं राज्य तिथे पाहून मला मनापासून आनंद झाला होता. डाव १७०० मध्ये सुरू होतो. पहिली काही वर्षं मुघलांशी झुंज खरोखर रंगते. पण मुघल संपले आणि हिंदुस्थान हातात आला की फौज उत्तरेला कितीही दूर न्या, तिच्यामागे बाजारबुणगे नाहीत, धान्याचे तांडे नाहीत, आणि कुणी सरदार म्हणत नाही की माझी खंडणी बुडते, मी परत जातो. लाहोर घेणं आणि सातारा राखणं यांत खेळाला फरक दिसत नाही.

हा प्रश्न मी निव्वळ करमणुकीचा मानत नाही. साम्राज्य म्हणजे काय याची पहिली कल्पना आज कितीतरी मुलांना या खेळांतून मिळते, पाठ्यपुस्तकाच्या आधी आणि त्याहून खोलवर. तिथे ती शिकतात की पसरणं फुकट असतं, आणि जो जास्त पसरला तो जास्त सुरक्षित. शेवटचा कंटाळा हा त्या चुकीच्या शिकवणीचाच पुरावा आहे. मोठेपणाला किंमत नसते तेव्हा मोठं होऊन करण्यासारखंही काही उरत नाही.

किंमत लावण्याच्या चांगल्या कल्पना अस्तित्वात आहेत, नुसत्या विखुरलेल्या आहेत. मला सगळ्यात जवळची वाटते ती ‘क्रुसेडर किंग्ज ३’मधली वाटणी. तिथे राजा मेला की सुरुवातीच्या काळातल्या वारसाहक्कानुसार राज्य मुलांत वाटलं जातं. बापाने आयुष्यभर जोडलेले परगणे तीन भावांत जातात आणि थोरल्याला धाकट्यांशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. दर पिढीला सातबाऱ्यावर नावं वाढताना आणि एकेकाचं क्षेत्र गुंठ्यांवर येताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांच्या पोटात तिथे गोळा येतो. राज्य सगळ्यात मोठं असतं तेव्हा राजा सगळ्यात म्हातारा असतो. हे ज्याने जुळवून आणलं त्याला शेवट म्हणजे काय ते कळलं होतं. पुढे कायदे बदलून सगळं एकाच वारसाला देता येतं आणि ती धार जाते. मी असतो तर ती जाऊ दिली नसती.

सिव्हिलायझेशन ६ च्या २०१९ मधल्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’ या पुरवणीतही असंच एक बीज आहे. कोळसा आणि तेल जाळत गेलं की जगाचं तापमान वाढतं, समुद्र चढतो आणि किनाऱ्यालगतची सखल घरं पाण्याखाली जातात. सुरुवातीला आपण बंदरासाठी जीव टाकून किनारा धरलेला असतो. शेवटी तोच किनारा ओझं होतो. भाव बदलला! संकट आपल्याच कारखान्यांतून आलं, आणि ते कुठे येणार हे सखल घरांवर पहिल्यापासून दिसत होतं. दुर्दैव इतकंच की ते फार उशिरा आणि फार हळू येतं. पूरभिंती बांधल्या की टळतं, आणि तोवर डावाचा निकाल बहुधा लागलेला असतो. ज्या खेळाने मला पन्नास प्रकाशवर्षं वाट पाहायला लावली, त्याच खेळात शेवट रंगवायची किल्ली पडलेली होती.

मोठेपणाची किंमत हा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे आवराआवर कमी करणं, आणि त्यासाठी पुन्हा आपल्या इतिहासाकडे बोट दाखवावंसं वाटतं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. प्रत्येक किल्ला घ्यायचा नाही, प्रत्येक गावात ठाणं बसवायचं नाही. महसुलाचा हिस्सा घ्यायचा आणि पुढे जायचं. त्या व्यवस्थेचे रयतेला झालेले जाच मी विसरलेलो नाही. पण खेळ रचणाऱ्याने पाहावं असं त्यात काही आहे: जिंकणं आणि सगळं ताब्यात घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये २००६ च्या पुरवणीने मांडलिक राज्यं आणली होती. हरत चाललेला शत्रू शरण यायचा आणि शेवटची सहा शहरं एकेक करून पाडण्याचा त्रास वाचायचा. त्या खेळाचे मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी पुढे ‘ओल्ड वर्ल्ड’ केला. त्यात दर टर्नला आज्ञांची संख्या मोजकी असते. राज्य वाढलं म्हणून प्रत्येक शिपाई रोज हलवता येत नाही, आज कुणाला हलवायचं ते निवडावं लागतं. मोठ्या राज्याचा राजा सगळीकडे लक्ष देऊ शकत नाही, हे सत्य तिथे कंटाळा न होता निर्णय होतं. आणि दुसऱ्या क्रमांकाच्या दुप्पट गुण झाले की खेळ स्वतःच म्हणतो, झालं, तुम्ही जिंकलात. असं कुणीतरी वेळेवर म्हणणं किती सुखाचं असतं, हे तीनशे टर्न ओढलेल्या माणसाला विचारा.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. लोक म्हणतात, दिवसभर कामावर मान मोडून आम्ही रात्री खेळायला बसतो. मेहनतीने राज्य उभं केलं, आता त्याचा उपभोग घेऊ द्या, तिथेही कशाला काळजी? आणि या बाजूने पुरावाही आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सिव्हिलायझेशन ७ ने डावाचे तीन कालखंड केले. पहिल्या दोन कालखंडांच्या शेवटी अरिष्ट यायचं, मग बरंचसं पुन्हा मांडलं जायचं आणि खेळाडूला संस्कृतीही बदलावी लागायची. हेतू हाच होता, की गोळा उतारावरून सुटू नये. पण स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावरच्या पहिल्या प्रतिक्रिया संमिश्र आल्या, आणि पुष्कळांचं दुखणं होतं ते हेच बदलणं. मी त्यांच्या बाजूने आहे. मी घडवलेलं माझ्या चुकीने गेलं तर ती गोष्ट होते, आणि ती मी चार जणांना सांगतो. घड्याळात ठरलेली वेळ झाली म्हणून गेलं, तर ती जप्ती होते. पेशवाईचं दुःख आपल्याला अजून सतावतं ते त्यात आपल्या माणसांचे निर्णय होते म्हणून. काळाचा काटा फिरला आणि सगळं पुसलं गेलं, असं असतं तर अडीचशे वर्षं कुणी त्यावर वाद घातला नसता.

उपभोगाचंही तेच. राज्याचा उपभोग म्हणजे चकचकीत नकाशा बघत बसणं नव्हे. मी उभारलेली गोष्ट एखाद्या खऱ्या धक्क्याला टिकते का, हे पाहण्यात जो आनंद आहे तो बाकी कशात नाही. घर बांधणाऱ्याला पहिल्या पावसाची धाकधूक असते आणि तीच त्याची मजाही असते.

पुण्या-मुंबईत आज खेळ बनवणारी हुशार पोरं आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला आणि इथल्या गोष्टीवर जगभर खेळला जाणारा खेळ होऊ शकतो हे दाखवलं. मला त्यांच्यापैकी कुणीतरी एक डाव रचलेला हवा आहे. तो तोरण्यापासून सुरू होऊ नये. तोरण्यापासूनचा चढ कसा खेळायचा हे सगळ्या जगाच्या खेळांना येतं. हा डाव १७५८ च्या उन्हाळ्यात सुरू व्हावा. लाहोर घेतलं आहे, नकाशा जवळजवळ सगळा भगवा आहे, दिल्लीत तुमच्या शब्दाला वजन आहे. खाली तिजोरीच्या जागी सावकारांची यादी. रोहिला सरदार नजीबखान जिवंत आहे, आणि त्याला कुणी वाचवलं यावरून शिंद्यांच्या आणि होळकरांच्या गोटांत बोलाचाली बंद आहेत. पंजाबात ठाणं ठेवायचं तर पगार कुठून काढणार, आणि उठवायचं तर अब्दाली कधी येणार? पावसाळ्याआधी एकच जासूद रवाना करता येतो. त्याच्या हाती पत्र द्यायचं आहे, आणि पत्रावर नाव कुणाचं घालायचं हे अजून ठरलेलं नाही.